कंपवात, जनुकं आणि घराण्याची भीती

वडिलांना पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं निदान झालं की सुरुवातीचे दिवस गोळ्यांच्या वेळा, पडण्याची धास्ती आणि रजांची जुळवाजुळव यातच जातात. मग कधीतरी मुलगा चहाचा कप उचलताना स्वतःचाच हात निरखू लागतो. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शुभंकर मुलामुलींच्या मनातला हा प्रश्न बहुतेक वेळा मनातच राहतो, कारण वडिलांसमोर तो विचारणं बरं दिसत नाही. न विचारलेल्या प्रश्नाला मग शेजारपाजार उत्तर देतो, आणि ते बहुधा चुकीचं असतं.

‘बाबांना आहे, म्हणजे मलाही होणारच’

अमेरिकेतल्या अंदाजानुसार सर्वसाधारण माणसाला आयुष्यभरात कंपवात होण्याची शक्यता शंभरात एक ते दोन इतकी असते. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला तो असेल तर ही शक्यता साधारण दुप्पट-तिप्पट होते. ‘तिप्पट’ ऐकून छातीत धस्स होतं, पण हिशेब पुरा करा. एक-दोनाचे तिप्पट तीन ते सहा होतात. शंभरातल्या उरलेल्या किमान चौऱ्याण्णव जणांना, वडिलांना आजार असूनही, तो होत नाही. एकाच जनुकातल्या दोषामुळे झालेला कंपवात एकूण रुग्णांपैकी ५ ते १० टक्क्यांतच आढळतो.

जुळ्यांचा अभ्यास याहून बोलका आहे. अमेरिकेत कॅरोलिन टॅनर आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जुळ्या सैनिकांची पाहणी करून १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात. तरीही एकाला कंपवात असताना दुसरा भाऊ बहुतेक जोड्यांत निरोगी निघाला. अपवाद होता तो पन्नाशीपर्यंतच आजार सुरू झालेल्यांचा. अशा एकसारख्या जोड्या मोजून चारच होत्या, पण त्या चारही जोड्यांत दोन्ही भावांना आजार होता. म्हणून ‘घरात कुणाला आहे का?’ यापेक्षा ‘कितव्या वर्षी सुरू झाला?’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. सत्तरीत थरथर सुरू झालेल्या आजोबांमुळे नातीचं स्थळ नाकारणाऱ्यांना वैद्यकशास्त्राचा काहीही आधार नाही, हे स्पष्टच सांगायला हवं.

‘आमच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हता, मग जनुकांचा संबंध कसा?’

संबंध असू शकतो, आणि तोही कुणाच्या लक्षात न येता. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी ‘पार्किन’ नावाचं जनुक शोधलं. त्याच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आजार होण्यासाठी बहुधा दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. एकच प्रत सदोष असलेला वाहक सहसा आयुष्यभर ठणठणीत राहतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक असते. मागच्या पिढ्यांत कुणालाच काही झालेलं नसतं, आणि तिशीतल्या मुलाचा पाय अचानक वाकडा पडू लागतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे. नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते.

या प्रकारात दिलासा देणाऱ्याही गोष्टी आहेत. तो सहसा हळूहळू वाढतो आणि लेव्होडोपा या कंपवाताच्या औषधाला चांगला प्रतिसाद देतो. अशा रुग्णाच्या मुलांना एक सदोष प्रत मिळते खरी, पण जोडीदारही वाहक असल्याशिवाय ती सहसा वाहकच राहतात.

उलट एखाद्या समाजात आजार जास्त दिसला म्हणून सगळा दोष रक्तावर टाकणंही घाईचं. मुंबईतल्या पारशी वसाहतींची पाहणी डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी केली होती. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात कंपवाताचं प्रमाण लाखात सुमारे ३२८ निघालं, त्या काळी फारच मोठं. पण पारशी समाजात वृद्धांचं प्रमाण मोठं आहे, आणि कंपवात मुख्यतः उतारवयातला आजार आहे. वयाचा हा वाटा वेगळा काढल्याशिवाय जनुकांबद्दल काही बोलता येत नाही.

‘जनुकात बदल सापडला, म्हणजे आजार ठरलेलाच’

या समजुतीने सर्वांत जास्त माणसं घाबरतात, म्हणून इथे जरा थांबू.

बदलागणिक त्याचं बळ वेगळं असतं. इटलीच्या दक्षिणेतल्या कोन्तुर्सी गावातल्या एका मोठ्या कुटुंबात, अमेरिकेत गेलेल्या शाखांसह, पिढ्यान्‌पिढ्या कंपवात दिसत होता. १९९७ मध्ये त्याचं कारण सापडलं: अल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला एक बदल. त्याच वर्षी हेही कळलं की कंपवाताच्या सर्वसाधारण रुग्णांच्या मेंदूत ज्या गुठळ्या दिसतात, ‘लुई बॉडीज’, त्या याच प्रथिनाच्या असतात. पुढे २००३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका कुटुंबात वेगळीच गोष्ट दिसली. तिथे जनुक बिघडलेलं नव्हतं, नेहमीचंच होतं, पण एका गुणसूत्रावर एकाऐवजी तीनदा आलेलं होतं. प्रथिन जास्त तयार होत होतं, आणि आजार तिशी-चाळिशीतच गाठत होता. ज्या कुटुंबांत ते दोनदा आलेलं असतं, तिथे आजार बहुधा उशिरा आणि सौम्यपणे येतो. म्हणजे निर्दोष प्रथिनाचंही प्रमाण वाढलं की पेशींना ते झेपत नाही.

हे बदल बलवान आहेत आणि अतिशय दुर्मीळही. ‘एलआरआरके२’ या जनुकातला ‘जी२०१९एस’ हा बदल मात्र काही समाजांत बराच आढळतो. उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांतल्या कंपवाताच्या रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जणांत तो सापडला आहे. भारतीयांत तो क्वचित दिसतो. गूगलचे सहसंस्थापक सर्गे ब्रिन यांच्या आईला कंपवात झाला होता. आपणही याच बदलाचे वाहक आहोत, असं ब्रिन यांनी २००८ मध्ये जाहीर केलं आणि आपला धोका २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असल्याचं लिहिलं. इतका रुंद अंदाज कसा, असं कुणालाही वाटेल. पण तो प्रामाणिक होता. ट्युनिशियातल्या वाहकांना हा आजार नॉर्वेतल्या वाहकांपेक्षा लवकर गाठतो, आणि काही वाहक ऐंशी ओलांडूनही निरोगी असतात. बदल एकच असताना असं होतं, कारण त्याच्या सोबतीला इतर जनुकं असतात, परिसर असतो, आयुष्यभराच्या सवयी असतात.

त्या इतर जनुकांत राखणारीही असतात. त्याच एलआरआरके२ जनुकातला ‘आर१३९८एच’ हा दुसरा बदल ज्यांच्यात असतो, त्यांना कंपवात तुलनेने कमी होतो. एकाच जनुकातला एक बदल धोका वाढवतो, दुसरा कमी करतो. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात कंपवाताशी जोडलेल्या ९० जनुकीय खुणा नोंदल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेकींचा एकेकटीचा परिणाम अगदी किरकोळ आहे. प्रत्येकाच्या वाट्याला धोक्याच्या काही आणि बचावाच्या काही खुणा आलेल्या असतात. कंपवाताचं एकही लक्षण न दिसता वारलेल्या साठीपुढच्या माणसांच्या शवविच्छेदनात सुमारे दहापैकी एकाच्या मेंदूत लुई बॉडीज सापडतात. कदाचित त्यातल्या काहींना पुढे त्रास झाला असता. काहींच्या पेशी मात्र त्या गुठळ्या सोसत राहिल्या असाव्यात. त्या कशाच्या जोरावर तगल्या, हा आज या क्षेत्रातला मला सर्वांत आशेचा वाटणारा प्रश्न आहे. आजवर मुख्यतः आजारी माणसांचीच जनुकं तपासली गेली, आता धोका असूनही निरोगी राहिलेल्यांचीही तपासली जात आहेत.

‘लाळेची टेस्ट करून टाकू, चिंता मिटेल’

अमेरिकेतली मुलं हौसेने लाळ तपासणीचा किट घरी मागवतात. २०१७ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने अशा एका घरगुती तपासणीला परवानगी दिली. कंपवातासाठी त्यात दोनच बदल पाहिले जात होते: जी२०१९एस आणि ‘जीबीए’ जनुकातला ‘एन३७०एस’. हे दोन्ही अश्केनाझी ज्यू समाजात तुलनेने जास्त आढळतात, आपल्याकडे फारसे नाहीत. तेव्हा मराठी माणसाला ‘काही सापडलं नाही’ असा अहवाल आला तर त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही.

जीबीएची हकीकत सांगायलाच हवी. या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तर गोशे हा लहानपणीही दिसू शकणारा आजार होतो. एकच सदोष असली तर कंपवाताचा धोका वाढतो, तरीही बहुतेक वाहकांना तो होत नाही. या जनुकाच्या कामाला अॅम्ब्रोक्सॉल मदत करतं का, याच्या चाचण्या सुरू आहेत. हे आपल्याकडचं खोकल्याचं नेहमीचं औषध. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत रुग्णांना ते दिवसाला १.२६ ग्रॅम दिलं होतं, म्हणजे खोकल्यासाठीच्या ९० मिलिग्रॅमच्या चौदापट. ते कंपवात रोखतं असं अजून सिद्ध झालेलं नाही. कृपा करून बाटल्या आणून प्रयोग करू नका.

जनुकीय तपासणीचा खरा उपयोग पन्नाशीच्या आत आजार सुरू झाला असेल, कुटुंबात अनेकांना असेल किंवा नात्यातलं लग्न असेल तेव्हा होतो. तीही आधी समुपदेशन घेऊन, आणि आधी रुग्णाची. निरोगी मुलांची तपासणी त्यानंतरचा विचार.

‘नशिबात असेल तर काय करणार?’

बरंच काही. टॅनर यांच्याच २०११ च्या अभ्यासात रोटेनोन किंवा पॅराक्वाट ही रसायनं वापरलेल्या फवारणी करणाऱ्यांत कंपवाताचा धोका सुमारे अडीचपट दिसला. पॅराक्वाट या तणनाशकावर युरोपीय संघात २००७ पासून बंदी आहे, आपल्या शेतांत ते अजून फवारलं जातं. घरात कंपवात असलेल्या शेतकऱ्याने तरी ते उघड्या अंगाने फवारू नये. व्यायामाबद्दलचा पुरावाही वाढतो आहे. २०१८ च्या एका चाचणीत नव्याने निदान झालेल्या १२८ रुग्णांपैकी ज्यांनी सहा महिने ट्रेडमिलवर जोमाने व्यायाम केला, त्यांची लक्षणं व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत कमी वाढली.

एक विनंती. त्या ९० खुणा युरोपीय वंशाच्या लोकांत शोधल्या गेल्या. नायजेरियातल्या रुग्णांचे नमुने तपासल्यावर २०२३ मध्ये जीबीए जनुकातली अशी खूण सापडली, जी युरोपीयांत जवळजवळ नसतेच. भारतीयांत काय दडलं आहे, ते भारतीय नमुन्यांतूनच कळेल. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टने अशा अभ्यासासाठी विचारलं तर संमतीपत्र वाचा, शंका विचारा आणि जमलं तर रक्ताचा नमुना द्या. घरातल्या निरोगी म्हाताऱ्यांनाही द्यायला सांगा, कारण राखणारी जनुकं त्यांच्याकडेच असण्याचा संभव जास्त आहे.