अकोल्याहून नाकासमोर, थेट दक्षिणेला

मुलांनो, घरात पृथ्वीगोल असेल तर जवळ ओढा. नसेल तर नकाशाचं पुस्तक चालेल. अकोला आहे ७७ अंश पूर्व रेखांशावर आणि अमरावती तिथून पाऊण अंश पुढे. या दोघांच्या मध्ये, मूर्तिजापूर-बडनेऱ्याच्या आसपास बोट टेकवा आणि नाकासमोर खाली सरकवत न्या. नांदेड, बंगळूर जवळून जातील, मग कन्याकुमारी येईल. हो, कन्याकुमारीही याच रेषेवर आहे! त्यापुढे नुसतं पाणी.

पाच हजार किलोमीटर पाणी कापलं की बोटाखाली दोन ठिपके येतात, ॲमस्टरडॅम आणि सेंट पॉल. नाव ऐकून हॉलंडमधलं शहर आठवलं ना? ही मात्र ज्वालामुखीतून वर आलेली बेटं आहेत. दोघांमधलं अंतर सुमारे ८५ किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेत मोजलं तर जवळपास अकोला-अमरावतीइतकंच!

ही बेटं फ्रान्सची. तिथे कायमचा रहिवासी एकही नाही, म्हणून ना सरपंच, ना मतदान. दोन्ही बेटांचा मिळून एक जिल्हा आहे, पण त्याचा कारभार पाहणारे प्रशासक बसतात सुमारे २,८०० किलोमीटर दूर, रियुनियन बेटावर. ॲमस्टरडॅमवर असतात ते संशोधन केंद्रातले वीस-तीस लोक. विमानतळ नाही. वर्षातून काही वेळाच येणारं जहाज हाच आधार. जानेवारी २०२५ मध्ये बेटावर वणवा पेटला. बंब येणार कुठून? जवळ मासेमारी करणारी एक बोट होती म्हणून तिथले ३१ जण सुखरूप निघाले. बेट मात्र निम्म्याच्या आसपास होरपळलं. नकाशावर मालकाचं नाव लिहिणं सोपं असतं, वेळेला धावून जाणं अवघड.

बोट अजून खाली न्या. आता बर्फ लागला. हे अंटार्क्टिका. इथे, जवळपास अकोल्याच्याच रेखांशावर, आपलं 'भारती' संशोधन केंद्र उभं आहे. वऱ्हाडापासून अंतर सुमारे १०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या घेराचा चौथा हिस्सा. मालवाहू जहाजांवर असतात तसल्या १३४ कंटेनरांपासून बांधलेलं हे केंद्र २०१२ मध्ये सुरू झालं. आपलं 'मैत्री' केंद्र त्याहून जुनं, १९८९ चं, आणि तिथून खूप दूर पश्चिमेला.

आता खरी गंमत. भारती केंद्राच्या जागेवर ऑस्ट्रेलियाने हक्क सांगितलेला आहे! मग आपण तिथे घर कसं बांधलं? १ डिसेंबर १९५९ रोजी १२ देशांनी एक करार केला. सात देशांचे जुने दावे त्यात आहेत तसे गोठवले गेले. कोणी सोडले नाहीत आणि कोणाला वाढवताही येत नाहीत. लष्करी तळ नको, अणुस्फोट नको, संशोधनाला मात्र सर्वांना वाव. भारत या करारात १९८३ मध्ये सामील झाला. शेताच्या धुऱ्यावरून होणारी भांडणं तुम्ही गावात पाहिलीच असतील. इथे तर धुराच कोरायचा नाही असं ठरलं.

मालक नाही म्हणून कायदा नाही, असं मात्र नाही बरं का! आपल्या मोहिमेतल्या माणसांसाठी भारताने २०२२ मध्ये अंटार्क्टिका कायदा केला. परवान्याशिवाय तिथे ज्वारीचं साधं रोपटंसुद्धा नेता येत नाही, कारण बाहेरून आलेल्या जिवांनी तिथल्या जिवांना धोका होतो.

आणि पत्ता? अमरावतीच्या गाड्या एमएच-२७, अकोल्याच्या एमएच-३०. भारती केंद्रात एप्रिल २०२४ मध्ये टपाल कार्यालय उघडलं, त्याचा प्रायोगिक पिनकोड आहे एमएच-१७१८! हे कार्यालय आपल्या महाराष्ट्राच्याच टपाल विभागात मोडतं. पत्रं आधी गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात जमा होतात आणि मोहिमेबरोबर जहाजाने जातात. तिथे शिक्का बसला की परत भारतात येऊन आपापल्या घरी पोचतात. तिकिटं जमवणारी मंडळी या शिक्क्यासाठी महिनोन् महिने वाट पाहतात.