दहीहंडी फोडायची तर चाकं कुठली?

गोविंदा यंत्रमानव असेल तर? ऑगस्ट 2008मध्ये पुण्याच्या बालेवाडीत हे खरंच झालं. आशिया-पॅसिफिकच्या एबीयू रोबोकॉन स्पर्धेचा त्या वर्षीचा विषयच दहीहंडी होता, आणि बाजी मारली चीनच्या शिआन जियाओटोंग विद्यापीठानं. 2014मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात आली. तेव्हा 'पालक' रोबोनं 'बाळ' रोबोला सी-सॉ नि झोक्यावर खेळवायचं होतं. जिंकला व्हिएतनामचा लाक होंग संघ.

अशा स्पर्धेला उतरणाऱ्या संघात पहिली वादावादी होते ती चाकांवरून.

आमच्या सीमाभागात हे ट्रॅक्टरवाल्याला विचारावं. बिदरच्या पठारावर टणक जांभा, खाली कलबुर्गीकडे तुरीची काळी जमीन, एका पावसात चाकाला चिकटणारी. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, डाव्या चाकाला एक, उजव्याला एक. बांधाशी आलं की वळायच्या बाजूचा तेवढा दाबायचा, ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. सडकेवर मात्र दोन्ही पेडल कडीनं जोडायचे, नाहीतर उलटायची भीती. रोबोतला टँक ड्राइव्ह याच जातीचा. डावी चाकं एका वेगानं, उजवी दुसऱ्या. स्वस्त, दणकट, ढकलाढकलीत भारी. फक्त वळताना चाकं आडवी घासतात. म्हणून सहाचाकी रोबोत मधली जोडी दोन-तीन मिलिमीटर खाली बसवतात. एका वेळी चारच चाकं टेकतात आणि वळण सुटसुटीत होतं.

मेकॅनम चाक ही स्वीडनच्या बेंग्ट इलॉन यांची करामत. कडेवर 45 अंशांत तिरपे रोलर, त्यामुळे रोबो तोंड न वळवता थेट बाजूला सरकतो. पण चारातलं एक चाक जरा उचललं गेलं की भरकटलाच.

ओम्नी चाकं, म्हणजे तिरप्याऐवजी काटकोनात रोलर असलेली, तीन लावली तर ही काळजी मिटते, तीन टेकू कधी डगमगत नाहीत. चार ओम्नी कोपऱ्यांवर तिरपी बसवली तर रोबो चाकाच्या वेगाच्या 1.41 पट पळतो! जोर मात्र त्याच पटीत घटतो. मोकळ्या मैदानावर हा सौदा परवडतो. समोर धक्के देणारा भिडू असेल तर मुळीच नाही.

स्वर्व्ह ड्राइव्हमध्ये प्रत्येक चाक पळतंही आणि वळतंही. पकड नि चपळाई दोन्ही मिळतात, पण चार चाकांना आठ मोटारी लागतात. भालकी-बसवकल्याणची पोरं पहिल्यांदा उतरणार असतील तर त्यांनी बिनधास्त टँक घ्यावा आणि उरलेले दिवस सरावाला द्यावेत.

आणखी एक गंमत. काही रोबोंच्या पोटाखाली अंतर मोजायला मोटार नसलेली छोटी चाकं असतात. मोटारीचं चाक जागीच घसरलं तरी फेरे मोजले जातात आणि रोबोला वाटतं, पोचलो. बिनमोटारीचं चाक रोबो खरोखर सरकला तरच फिरतं.

चंद्रावर 2023मध्ये उतरलेला 26 किलोचा प्रज्ञान रोव्हरही डाव्या-उजव्या चाकांचा वेग बदलूनच वळायचा. सहा चाकं, प्रत्येकाला स्वतंत्र मोटार, आणि वेग सेकंदाला 1 सेंटीमीटर. तेवढ्यावर त्यानं शंभर मीटरचा पल्ला ओलांडला.