डोक्याला लागलं, पण आत काय झालं?

मे महिना आला की आमच्या केळशीत निम्मी मुलं जमिनीवर आणि निम्मी आंब्याच्या झाडावर असतात. मग कुणीतरी धपकन पडतं. गुडघा फुटला तर दिसतो, हात मोडला तर वाकडा होतो. पण डोकं आपटलं तर? वरून नुसतं टेंगूळ! आत मेंदूला काय झालं, ते कसं कळणार?

१९६२ सालची गोष्ट ऐका. भारताचा संघ वेस्ट इंडिजला गेला होता. बार्बाडोसच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. तेव्हा हेल्मेट कुठलं? कवटी फुटली, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त द्यायला कोण कोण पुढे आलं, माहीत आहे? आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर, आणि चक्क समोरच्या संघाचे फ्रँक वॉरेल! कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण कसोटी मात्र पुन्हा खेळले नाहीत.

त्या वेळी डॉक्टरांकडे होता साधा एक्स-रे. त्यात हाड दिसतं, मेंदू दिसत नाही. मेंदू दाखवणारा सीटी स्कॅन आला १९७१मध्ये. तो बनवला गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी, आणि तेही बीटल्सच्या रेकॉर्डी काढणाऱ्या ई.एम.आय. कंपनीत बरं का! यंत्र डोक्याभोवती फिरून चहूबाजूंनी एक्स-रे घेतं आणि संगणक त्यातून चित्रं जुळवतो, पावाचे काप करून आत पाहावं तशी. आत रक्त साचलं असेल तर लगेच दिसतं.

मग प्रत्येक टेंगळाचा स्कॅन काढावा का? नाही. एक्स-रेचे किरण उगाच घेऊ नयेत, लहान मुलांनी तर नाहीच. शिवाय आमच्यासारख्यांना त्यासाठी गाव सोडून जावं लागतं.

इथे रक्त मदतीला येतं. मेंदूच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातली प्रथिनं रक्तात झिरपतात. जीएफएपी हे चांदणीच्या आकाराच्या मदतनीस पेशींमधलं, तर यूसीएच-एल१ हे चेतापेशींमधलं. प्रमाण किती? ग्रॅमचे लाख कोटी भाग करा. त्यातला एक म्हणजे पिकोग्रॅम. मोजमाप त्या पिकोग्रॅममध्ये! ही प्रथिनं कमी निघाली, तर स्कॅनमध्ये काही सापडण्याची शक्यता फारच थोडी, म्हणून तो टाळता येतो. जास्त निघाली तर स्कॅन करून पाहायचं.

अमेरिकेत या तपासणीला २०१८मध्ये परवानगी मिळाली. २०२१मध्ये हातात मावणाऱ्या यंत्रालाही मिळाली. ते १५ मिनिटांत उत्तर देतं. खेडोपाडी असं यंत्र असेल तर किती हेलपाटे वाचतील! पण थांबा, ही परवानगी १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. मुलांसाठी अभ्यास अजून चालू आहे.

तोवर तुमचे डोळे हेच यंत्र. पडलेला मित्र पुन्हा पुन्हा ओकतोय, असंबद्ध बोलतोय, फार पेंगतोय, डोकेदुखी वाढतेय, झटके येताहेत, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येतंय, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच डॉक्टर गाठायचा. कैऱ्या चोरताना पडला असला तरी मोठ्यांना सांगायचं. ओरडा नंतर खाऊ! आणि पडला तेव्हा किती वाजले होते ते ध्यानात ठेवा. रक्तातली ती प्रथिनं तासागणिक बदलतात, त्यामुळे डॉक्टर वेळ विचारणारच.