अर्ज न करता मिळणारी खुर्ची

कलेक्टर व्हायला यूपीएससी आहे, तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीश व्हायला लेखी परीक्षा आणि मुलाखत आहे. मग वकिलाला हायकोर्टाचा न्यायाधीश व्हायला कुठली परीक्षा द्यावी लागते? कुठलीच नाही! जाहिरात निघत नाही, फॉर्म भरायचा नसतो. वकील आपली प्रॅक्टिस करत असतो आणि एके दिवशी मुख्य न्यायाधीशांकडून विचारणा येते, स्थळ सांगून यावं तशी.

खरं तर परीक्षा कधीचीच सुरू झालेली असते, फक्त परीक्षार्थीला त्याचा पत्ता नसतो. घटनेच्या कलम २१७ ला हायकोर्टातली दहा वर्षांची वकिली पुरते. पण त्या दहा वर्षांत समोरचे न्यायमूर्ती त्याला ऐकत असतात. हा कागद वाचून येतो का? आपल्याच विरोधात जाणारा जुना निवाडा दडपतो, की स्वतःहून पुढे ठेवतो?

होकार दिला की फाइल प्रवासाला निघते. हायकोर्टाचे तीन ज्येष्ठ न्यायाधीश, राज्य सरकार, गुप्तचर खात्याचा अहवाल, सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम (म्हणजे सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायाधीशांची निवड समिती), पंतप्रधान आणि शेवटी राष्ट्रपतींची सही. अमेरिकेत फेडरल न्यायाधीशाचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात, सिनेट मंजूर करते आणि नेमणूक तहहयात असते. थक्क व्हाल, पण तिथल्या राज्यघटनेत त्याच्यासाठी कायद्याच्या पदवीचीही अट नाही!

वकिलीतून हायकोर्टाच्या खुर्चीपर्यंतची वाट चाललेली मराठी माणसं हैदराबादेत होऊन गेली. हिमायतनगरहून नारायणगुड्याकडे जा, तिथे १९४० पासूनची ‘केशव स्मारक’ शिक्षणसंस्था भेटेल. हे केशव म्हणजे मराठवाड्यातून आलेले वकील केशवराव कोरटकर. आर्य समाजाचे पुढारी, ‘विवेकवर्धिनी’ शाळेच्या संस्थापकांपैकी एक, आणि तरीही निजामाच्या हायकोर्टाचे न्यायाधीश.

गोपाळराव एकबोट्यांचा प्रवास तर मला आणखीच विलक्षण वाटतो. हैदराबादचे वकील, १९५२ च्या निवडणुकीत आमदार, मग राज्याचे शिक्षणमंत्री. १९६२ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १९७२ मध्ये आंध्र प्रदेशाचे मुख्य न्यायाधीश. सरकारात बसलेला माणूस सरकारविरुद्धचे दावे ऐकायला बसतो, यावर लोकांनी विश्वास कसा ठेवायचा?

त्यासाठी घटनेत एक शपथ आहे. राष्ट्रपतींचं वॉरंट वाचून होतं आणि नवा न्यायाधीश राज्यपालांसमोर ती घेतो. त्यात भीती आणि आकस यांच्या जोडीला ममत्वही दूर ठेवायला सांगितलंय. द्वेषाने न्याय बिघडतो हे कोणालाही सुचेल. जिव्हाळ्यानेही बिघडतो, हे घटनाकारांनी लिहून ठेवलं!

आणखी एक दोरी कलम २२० ने बांधली आहे. बासष्टाव्या वर्षी निवृत्त झालेल्या कायम न्यायाधीशाला पुन्हा वकिली करायची असेल, तर सुप्रीम कोर्ट मोकळं, परराज्यातली हायकोर्टं मोकळी. ज्या कोर्टाने त्याला घडवलं, तिथे मात्र त्याला वकीलपत्र घेता येत नाही.