महिना एक पौंडाचे महायुद्ध

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या कार्यालयात मेजावर नारळाची एक करवंटी असे. ऑगस्ट १९४३मध्ये सॉलोमन बेटांच्या समुद्रात जपानी विनाशिकेच्या धडकेने त्यांची गस्तनौका दुभंगली, तेव्हा सुटकेचा निरोप त्यांनी या करवंटीवर सुरीने कोरला होता. बियुकु गासा आणि एरोनी कुमाना या दोन बेटवासी तरुणांनी तो खोड कोरून केलेल्या होडीतून, शत्रूच्या पहाऱ्यातून, सुमारे साठ किलोमीटरवरच्या रेंडोव्हा तळाकडे नेला. नारळावर लिहिण्याची युक्तीही आपलीच, असे गासा सांगत. केनेडींच्या चरित्रकथेत या दोघांना निदान जागा आहे. त्यांच्या हजारो देशबांधवांना तीही मिळाली नाही.

सॉलोमन बेटे १८९३पासून ब्रिटिशांची ‘संरक्षित’ बेटे होती. हे संरक्षण किती तकलादू होते, ते मे १९४२मध्ये उघड झाले. जपानी सैन्य तुलागी या राजधानीत उतरले, तोवर बहुतेक गोरे मळेवाले बेटे सोडून गेले होते. मोजके अधिकारी मागे राहिले आणि डोंगरात लपून शत्रूच्या जहाजांची व विमानांची खबर बिनतारी यंत्रावरून देऊ लागले. या ‘कोस्टवॉचर’ मंडळींचा गौरव पुढे पुष्कळ झाला. पण ते जड यंत्र डोंगरावर चढवायला डझनभर माणसे लागत. ती माणसे बेटावरची होती. वाटा त्यांना ठाऊक होत्या, अन्न त्यांच्या बागांतून येत होते आणि पुष्कळशी खबरही तेच काढून आणत होते. एका गावाने तोंड उघडले असते, तर सारी यंत्रणा संपली असती.

७ ऑगस्ट १९४२ला अमेरिकी सैन्य ग्वादलकनाल बेटावर उतरले. त्याच महिन्यात पोलिसदलातून निवृत्त झालेले जेकब वूझा टेहळणी करताना जपान्यांच्या हाती सापडले. त्यांना झाडाला बांधून, संगिनीने भोसकून, मेले असे समजून सोडून देण्यात आले. वूझांनी दोर दातांनी कुरतडले, रक्तबंबाळ अवस्थेत अमेरिकी फळी गाठली आणि येऊ घातलेल्या हल्ल्याची माहिती दिली. त्यांना पदके मिळाली आणि १९७९मध्ये ‘सर’ हा किताबही.

पदकांच्या यादीबाहेर राहिली ती ‘लेबर कोअर’. तीन हजारांहून अधिक बेटवासी तिच्यात होते. जहाजे रिकामी करणे, दारूगोळा वाहणे, धावपट्टीची डागडुजी करणे ही त्यांची कामे. बॉम्ब त्यांच्यावरही पडत. पगार महिना एक पौंड. अमेरिकी सैनिक त्यांना कपडे, अन्न, सिगारेटी देत. ब्रिटिश अधिकारी या भेटी अनेकदा जप्त करत. पण डोळ्यांनी पाहिलेले कसे जप्त करणार? अमेरिकी सैन्यातले काळे शिपाई गोऱ्यांसारखाच गणवेश घालताना, तेच अन्न खाताना, मोठाली यंत्रे चालवताना बेटवासीयांनी पाहिले होते. अमेरिकेतला वर्णभेद त्या सैन्यातही होताच. तरी मळ्यावरच्या मजुराला एवढे दृश्यही नवे होते.

त्यातून १९४४च्या सुमारास मलाइता बेटावर ‘मासिना रुरू’ ही चळवळ उभी राहिली. तिचे एक नेते नोरी हे लेबर कोअरमध्ये राबून आलेले होते. मजुरी महिना बारा पौंड हवी आणि आमचा कारभार आमच्या प्रमुखांकडे हवा, अशा तिच्या मागण्या होत्या. मळ्यांवर मजूर मिळेनासे झाले. १९४७मध्ये सरकारने नेत्यांची धरपकड केली, हजारो लोक तुरुंगात गेले. अखेर १९५३मध्ये मलाइताला स्वतःचे कौन्सिल मिळाले, आणि १९७८मध्ये देश स्वतंत्र झाला.

युद्धाच्या ब्रिटिश कहाण्यांत या लोकांसाठी ‘निष्ठावान’ हे विशेषण हमखास येते. ते गौरवाचे वाटते, पण त्यात एक सोय आहे. निष्ठेची मजुरी द्यावी लागत नाही, आणि निष्ठावान माणूस हिशेब मागू लागला की त्याला बंडखोर म्हणता येते. वूझांचे शौर्य आणि नोरींची मागणी यांत जेमतेम दोन वर्षांचे अंतर होते. म्हणून या बेटांचे युद्ध फेब्रुवारी १९४३ला, जपानी सैन्य ग्वादलकनाल सोडून गेले त्या दिवशी, संपवून चालत नाही. बारा पौंडांची मागणी हाही त्याच युद्धाचा भाग होता.