निवड कोणाची? डोर्ड्रेख्तची धर्मसभा

तारण कोणाचं होणार हे देवाने जगाच्या आरंभाआधीच ठरवलं असेल, तर माणसाच्या हातात उरतं काय? या प्रश्नावरून सतराव्या शतकात नेदरलँड्स यादवीच्या उंबरठ्यावर आलं. लायडनचे प्राध्यापक याकोबस आर्मिनियस म्हणत, कोण विश्वास ठेवील हे देव आधीच जाणतो आणि त्यावरून निवडतो. त्याची कृपा माणूस नाकारूही शकतो. धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या पंथातल्या कट्टरांच्या मते निवड निव्वळ देवाच्या मर्जीची, विश्वास हे तिचं फळ. आर्मिनियस १६०९ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन मांडलं.

त्यावर निर्णय देण्यासाठी डोर्ड्रेख्त शहरात १६१८-१९ मध्ये धर्मसभा भरली. बैठका तब्बल १५४! आर्मिनियसवाद्यांना बोलावलं होतं ते मात्र आरोपी म्हणून. थोडक्यात, निकाल पूर्वनियोजितच. त्यांचे सुमारे २०० पाळक पदावरून गेले. पाठीराखे मुत्सद्दी ओल्डेनबार्नेवेल्ट यांचा मे १६१९ मध्ये शिरच्छेद झाला. त्याच बाजूचे कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस यांना किल्ल्यात जन्मठेप झाली, पण १६२१ मध्ये ते पुस्तकांच्या पेटीत दडून किल्ल्याबाहेर पडले (बेत बायकोचा). पुढे मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी आर्मिनियसचीच बाजू उचलून धरली. बहुतेक मेथडिस्ट आजही त्याच बाजूचे आहेत.