विंडोज 10 संपलं म्हणजे कॉम्प्युटर संपला का?

मुलुंडच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी शिकवण्या घेतात. मध्यंतरी त्यांनी दारातच मला थांबवून विचारलं, "भाऊजी, आमचा कॉम्प्युटर भंगारात द्यायचा आहे, कोणाला देऊ?" काय बिघडलंय विचारलं, तर काहीच नाही. दुकानातून माणूस आला होता. "विंडोज 10 बंद झालं, अकरा यावर बसत नाही, आता नवीनच घ्या," असं सांगून चाळीस हजारांचं कोटेशन ठेवून गेला.

हेच वाक्य मी घाटकोपरच्या एका सीएच्या ऑफिसात ऐकलं, बोरिवलीला मेव्हण्याकडे ऐकलं, आणि अंधेरीत एका डीटीपीवाल्याकडेही ऐकलं. आता ऐकून घेणं पुरे झालं, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी घडलं काय ते पाहू. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. त्या दिवशी एकही कॉम्प्युटर बंद पडला नाही. फाइली उघडतात, प्रिंटर चालतो, टॅलीही चालते. थांबलं ते दर महिन्याला येणारं सुरक्षेचं ठिगळकाम.

ते थांबणं किरकोळ नाही, हेही स्पष्ट सांगतो. जून 2017 मध्ये 'नॉटपेट्या' नावाच्या हल्ल्याने जेएनपीटी बंदरातल्या एका खासगी टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. हा हल्ला ज्या वाटांनी पसरला त्यांतली एक फट बुजवणारं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ठिगळं न लावलेलं मशीन नेटला जोडून त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे बरोबरच आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे नवीन डबा, हे कुठून आलं?

वहिनींच्या मशीनचंच घ्या. 2018 मध्ये असेंबल करून घेतलेलं, आय5-8400. हायफननंतरचा 8 म्हणजे आठवी पिढी. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर मान्य केले आहेत. एएमडीचे साधारण रायझन 2000 मालिकेपासून पुढचे. म्हणजे हे मशीन पात्र होतं. मग "अकरा बसत नाही" असं का दिसत होतं? अकराला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते. ती या प्रोसेसरमध्ये असतेच, पण असेंबल्ड मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, पुष्कळदा बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. आम्ही आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला, डिस्कची जुनी एमबीआर मांडणी जीपीटी करून घेतली, बायोसमध्ये यूईएफआय आणि पीटीटी चालू केलं. एका संध्याकाळचं काम. अकरा बसलं. खर्च शून्य.

तो माणूस खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याने पडद्यावरची सूचना वाचली आणि बायोस उघडून पाहिलंच नाही. पण त्या न पाहण्याची किंमत चाळीस हजार होती, आणि ती वहिनींनी मोजली असती. याचा मला राग येतो.

सातव्या पिढीचं किंवा त्याहून जुनं मशीन असेल तर अकरा अधिकृतपणे बसत नाही, हे खरं. आडवाटेने बसवून देणारे भेटतील. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, त्यामुळे कामाच्या मशीनवर हा उद्योग नको. अशा जुन्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टनेच ईएसयू ही वाढीव सुरक्षेची योजना दिली. तिची मुदत 13 ऑक्टोबर 2026. घरगुती ग्राहकाने मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती फुकट मिळते. नाहीतर 30 डॉलर. अट एवढीच की विंडोज 10 ची 22एच2 ही आवृत्ती हवी. मला भेटलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना ही योजना आहे हेच माहीत नव्हतं.

ती मुदत संपल्यावरचा रस्ता लिनक्सचा. "ते इंजिनिअर लोकांचं असतं" हा गैरसमज केरळातल्या सरकारी शाळांनी कधीच मोडीत काढला. तिथली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतात. लिनक्स मिंटसारख्या प्रणालीवर ब्राउझर, ईमेल, पत्रं, हिशेबाचे तक्ते आणि युनिकोडमधलं मराठी टंकलेखन व्यवस्थित होतं. अडतं ते ठरावीक जागी. सीएच्या ऑफिसात टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन असतं. ते चालतं का हे आधी तपासा. अंधेरीच्या त्या डीटीपीवाल्याचं वीस वर्षांचं काम श्रीलिपी आणि पेजमेकरमध्ये आहे. त्याला मी सांगितलं, ते मशीन तसंच ठेवा, फक्त नेटची केबल कायमची काढा आणि फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. नेटपासून तोडलेलं जुनं मशीन ही कामाची वस्तू आहे.

आता बाकीच्या समजुती, भराभर.

"स्लो झालाय, म्हणजे प्रोसेसर म्हातारा झाला." बहुतेक वेळा दोष फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. ती सेकंदाला शे-दीडशे विखुरलेल्या नोंदी वाचते. साधा साटा एसएसडी हजारोंनी वाचतो. चौथ्या पिढीचं मशीनही एसएसडी टाकल्यावर मिनिटभरात कामाला लागतं. 2025 च्या अखेरीपासून मेमरी आणि एसएसडीचे भाव चढले आहेत, तरीही हा खर्च नव्या मशीनच्या जवळपास जात नाही.

"दर वर्षी फॉरमॅट मारावा लागतो." डिस्क मरत असेल तर फॉरमॅटने ती बरी होत नाही.

"तारीख-वेळ सारखी चुकते, मदरबोर्ड गेला." बोर्डावरचा सीआर2032 हा तीन व्होल्टचा गोल सेल बदला.

"पावसाळ्यात चालूच होत नाही, जळला." आपल्या दमट हवेत रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर थर बसतो. वायर काढून, रॅम उपसून, पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसून परत बसवा. अनेक 'मेलेले' कॉम्प्युटर एवढ्यावर उठतात.

"जुना कॉम्प्युटर वीज खातो." 80 वॅटचं मशीन रोज चार तास चाललं तर महिन्याला साडेनऊ युनिटच्या आसपास. नव्याने ती निम्मी केली आणि युनिटला 10 रुपये धरले, तरी बचत महिना पन्नासेक रुपये. या बचतीतून चाळीस हजार वसूल व्हायला साठ वर्षांहून अधिक लागतील.

मग बदलायचा कधी? मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले असतील किंवा बोर्डच गेला असेल, तेव्हा. चौथ्या-पाचव्या पिढीचे नामांकित कंपन्यांचे नवे बोर्ड आता मिळणं कठीण. लॅमिंग्टन रोडवर जुना मिळेल, पण त्याच्या आयुष्याची खात्री कोण देणार? रॅम डीडीआर2 असेल तरी बदला. काम व्हिडिओ एडिटिंगचं झालं असेल तरी बदला. आणि दुरुस्तीचा खर्च तितक्याच ताकदीच्या रिफर्बिश्ड मशीनच्या निम्म्यावर गेला, तर मीही दुरुस्तीचा हट्ट धरत नाही. फक्त एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, गेला म्हणून मात्र अख्खं मशीन टाकू नका. तो सुटा मिळतो.

टाकायची घाई का नको, त्याला पैशापलीकडचंही कारण आहे. 'ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर'च्या 2024 च्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम 22.3 टक्क्यांचं रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. उरलेल्यापैकी पुष्कळ माल असंघटित भंगारात जातो. तिथे तांब्यासाठी वायरी जाळतात, बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात, आणि तो धूर त्या वस्तीतल्या मुलांच्या छातीत जातो. ई-कचरा नियम, 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि त्यांत उत्पादकांवर जबाबदारी टाकलेली आहे. मशीन खरंच संपलं असेल तर ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच द्या. आणि त्याआधी डिस्क काढून घ्या. नुसत्या झटपट फॉरमॅटने तुमचे पॅन-आधारचे स्कॅन त्यावरून पुसले जात नाहीत.

कोटेशनवर सही करण्यापूर्वी दुकानदाराला एवढंच विचारा: "प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे, आणि बायोसमध्ये टीपीएम चालू करून पाहिलंत का?" उत्तर देता आलं नाही, तर दुसरा माणूस बोलवा.